टेबलाच्या या बाजूने

दलित आत्मकथनांत शाळामास्तर हटकून भेटतो. कुठे तो वर्गाबाहेर बसवतो, कुठे विटाळ नको म्हणून छडी लांबून फेकून मारतो, कुठे एखादे जुने पुस्तक हाती ठेवून आयुष्याची दिशाच बदलून टाकतो. बाबासाहेबांनी शाळेत बसण्यासाठी घरून न्यावे लागणारे गोणपाट आणि 'शिपाई नाही तर पाणी नाही' हा नियम आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे. त्याच बाबासाहेबांच्या आयुष्यात कृ. अ. केळुसकर गुरुजीही आले. मॅट्रिक झालेल्या या मुलाला त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे शिष्यवृत्तीसाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. ही दोन्ही चित्रे खाली गोणपाटावर बसून पाहिलेली आहेत. टेबलाच्या या बाजूने, हातात खडू असलेल्या माणसाच्या बाजूने, आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे. माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९) हे एका प्राथमिक शिक्षकाच्या रोजनिशीच्या रूपातले पुस्तक आहे. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) आहे. त्यापुढे नावे आठवावी लागतात.

हे नवल आहे. कारण आपल्यातल्या शिकलेल्या पहिल्या पिढीला जी थोडी दारे उघडी झाली त्यांत शाळेचे दार मोठे होते. आपल्यातले कितीतरी लोक शिक्षक झाले. मग त्यांच्या मनाचे काय झाले, हे त्यांनी का सांगितले नाही? माझ्या मते याचे एक कारण असे की, शिक्षकाला मन असते हेच आपल्या समाजाला मान्य नाही. ५ सप्टेंबरला त्याला गुरू करून हार घालायचा आणि उरलेले दिवस 'पगार किती, काम किती' असा हिशेब मांडायचा. देव आणि कामचुकार या दोन टोकांच्या मध्ये जो माणूस आहे, तो कोणालाच नको असतो.

मी नरखेड तालुक्यातील एका खाजगी माध्यमिक शाळेत वीस वर्षांहून अधिक काळ मराठी आणि इतिहास शिकवीत आहे. आठवी ते दहावी. शाळेचे आणि संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. ज्या गोष्टी सांगणार आहे त्या एकाच शाळेच्या नाहीत. हायस्कूलच्या शिक्षकाचे मन वर्षभरात वर का चढते, खाली का येते आणि त्यात त्याच्या जातीचा वाटा काय, एवढेच मला येथे उलगडून पाहायचे आहे.

आधी तालुका समजून घ्यावा लागेल. नरखेड हे नागपूर जिल्ह्याचे वायव्य टोक. एका अंगाला मध्य प्रदेशातील पांढुर्णा, दुसऱ्या अंगाला वर्धा नदी आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातला वरूड. नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे जंक्शन. काटोल, नरखेड, वरूड हा संत्र्याचा पट्टा. त्याच्या जोडीला कापूस, तूर. बगीचे बहुतेक ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ओलिताची जमीन आहे त्यांचे. तोडायला, निवडायला, कॅरेट भरायला जाणारे हात भूमिहीनांचे. माझ्या वर्गात बगीचेवाल्यांची मुले बसतात आणि त्या बगीच्यात तोडीला जाणाऱ्यांचीही बसतात. ती एकाच बाकावर बसतात, हे कायद्याने आणि चळवळीने मिळवले. बाकावरून उठल्यावर ती कोठे जातात, हे मात्र अजून बहाराच्या हाती आहे.

संत्र्याला दोन मुख्य बहार. अंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. मध्ये कापसाची वेचणी. आता याच्याशेजारी शाळेचे वर्ष ठेवून पाहा. विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा राज्यातील इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडते. जुलै-ऑगस्टात वर्ग भरलेला असतो, मुले ताजी असतात, शिक्षकही ताजा असतो. दिवाळीनंतर हजेरीपटावर 'गैरहजर'चे शेरे वाढू लागतात. ते वाढतात ते शेवटच्या रांगांत नव्हे, ठरावीक आडनावांसमोर. जानेवारीत मुले परततात तेव्हा त्यांचे हात सालीच्या तेलाने पिवळे असतात आणि बीजगणिताची दोन प्रकरणे हुकलेली असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा, तेव्हाच मृग बहाराची तोड. माझ्या मनाचा आलेख काढला तर तो याच हजेरीपटाच्या अंगाने जाईल. मी आनंदी किंवा उदास स्वभावाचा आहे की नाही, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. शिक्षकाला लोक म्हणतात, 'मन लावून शिकवा'. मन लावले की ते हजेरीपटाला बांधले जाते, ही त्यातली अडचण.

नववीतली एक मुलगी दोन आठवड्यांनी शाळेत आली. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "सर, मायचे हात दुखते म्हून मी जात होती. आता येईन." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असा दिवस घरी नेऊ नये म्हटले तरी तो घरी येतोच.

आर्ली होशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाईसुंदरींच्या कामावर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: काही नोकऱ्यांत माणूस केवळ हात आणि बुद्धी विकत नाही, चेहरा आणि भावनाही विकतो. प्रवासी कितीही अपमान करो, हसू टिकवायचे. आणि ते वरवरचे वाटू नये म्हणून आतूनही तसे वाटून घ्यायचे. या कामाला त्यांनी भावनिक श्रम म्हटले. श्रम असल्यामुळे त्याने थकवा येतो, आणि वेतनपत्रकावर तो दिसत नाही. शिक्षकाच्या कामाला हा विचार चपखल बसतो. दिवसात सहा तासिका, म्हणजे सहा वेळा नवा चेहरा लावून दारातून आत जायचे. मागच्या तासाला एका पोराला बापाने मारल्याचे वळ पाहिलेले असतात; पुढच्या तासाला शब्दसिद्धी शिकवायची असते, आणि तीही हसतखेळत.

पण होशिल्डबाईंच्या मांडणीत आपल्याला भर घालावी लागेल. दलित शिक्षकाला या सहा चेहऱ्यांखाली सातवा एक सांभाळावा लागतो, तो शिक्षकांच्या खोलीत. तेथे 'सवलत' हा शब्द सहज उच्चारला जातो, चहाच्या कपाइतका सहज. एखाद्याच्या पदोन्नतीची बातमी आली की बिंदुनामावलीवर विनोद होतो आणि सगळे आधी आपल्याकडे पाहतात, मग हसतात. रागावलो तर 'यांना लगेच लागते', हसलो तर आपणच आपल्यावर हसलो. हा राग गिळून पुढच्या घंटेला वर्गात जायचे आणि मुलांना राज्यघटनेची उद्देशिका समजावून सांगायची. बंधुता या शब्दाशी आवाज थोडा अडखळतो. मुलांना वाटते सरांना सर्दी आहे.

कुमुद पावडे नागपूरच्या. संस्कृत घेऊन एम. ए. झाल्या. त्यांच्या पदवीचे कौतुक झाले, पण शिकवण्याची नोकरी दीर्घकाळ मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि नोकरी मिळाली. पदवी तीच, बाई तीच. 'अंतःस्फोटा'त त्यांनी हा हिशेब अत्यंत शांतपणे मांडला आहे, आणि त्या शांतपणाचेच भय वाटते. शिक्षक वर्गात पोचण्याआधी त्याचे आडनाव पोचलेले असते. विद्यार्थ्याचेही तसेच आहे.

विद्यार्थ्यावर याचा परिणाम काय होतो, हे आता केवळ आपल्या अनुभवाने सांगण्याची गरज राहिलेली नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत एक प्रयोग केला. तो २००४ मध्ये आणि पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीतील ३२१ उच्च जातींची आणि ३२१ कनिष्ठ मानलेल्या जातींची मुले घेतली. त्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. नंतर दुसऱ्या गटांत कोडी देण्याआधी प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. बुद्धी तीच, कोडी त्याच प्रकारची. मधे फक्त एक वाक्य मोठ्याने उच्चारले गेले होते.

आता आपल्या शाळांत काय चालते ते आठवा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की शिपाई वर्गाच्या दारात येऊन सांगतो, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." ही घोषणा मराठीच्या तासाला होते, विज्ञानाच्या तासाला होते, चाचणी परीक्षेच्या दिवशीसुद्धा होते. हेतू वाईट नसतो. शिष्यवृत्ती हा मुलांचा हक्क आहे आणि तो बुडू नये म्हणूनच ही धावपळ असते. पण चौदा वर्षांचे पोर उभे राहते तेव्हा ते कसे उभे राहते, हे पाहिले पाहिजे. बाकाची कड धरून, अर्धे. आमच्या वर्गापुरती मी ही पद्धत बंद केली. पालकांना रविवारी बोलावून अर्ज वस्तीतच भरून घेतो; समाजमंदिरात दोन सतरंज्या आणि एक टेबल एवढ्यावर काम भागते. दाखले तेथेच तपासतो. वर्गात जातीचा उच्चार होत नाही आणि अर्जही राहत नाही. हे कोणत्याही शाळेला उद्यापासून करता येईल, त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायला नको.

आता ज्या गोष्टीने शिक्षकाचे मन सर्वांत खाली जाते तिकडे वळतो. ती म्हणजे नववी.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत मुलाला नापास करून मागे ठेवायचे नाही, असे त्यात होते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. मूळ तरतूद मला चुकीची वाटत नाही. नापासाचा शिक्का आधी कोणाच्या कपाळावर बसत असे, हे आपण जाणतो. पण शिक्का काढला आणि शिकवणे मात्र आले नाही, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी झाली. त्यामुळे नीट वाचता न येणारी मुले नववीपर्यंत येऊन पोचतात. पुढे दहावी. दहावीच्या निकालावर शाळेची अब्रू, प्रवेश, तुकड्या आणि तुकड्यांवर शिक्षकांची पदे. मग नववीच्या वर्गशिक्षकाला सांगण्यात येते, "कच्च्या मुलांची यादी द्या." या यादीतल्या मुलांना नववीत रोखायचे, किंवा पालकांना बोलावून गोड भाषेत समजवायचे की, शाळा सोडा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा.

सतरा नंबरचा फॉर्म ही मुळात चांगली सोय आहे. शाळा सुटलेल्या माणसाला, संसाराला लागलेल्या बाईला, कामावरच्या मजुराला बाहेरून दहावी देता यावी म्हणून ती आहे. बाहेर पडलेल्याला आत घेण्यासाठी केलेले दार आतल्याला बाहेर काढण्यासाठी वापरायचे, ही युक्ती आपल्या देशाला नवी नाही. बाहेर गेलेल्यांपैकी किती परीक्षेला बसतात? माझ्या पाहण्यातली बरीच मुले पहिल्या अंबिया बहारातच कायमची मजूर झाली.

अशी यादी माझ्याकडेही मागितली गेली. मी यादी दिली. पण तिच्या शेजारी प्रत्येकाला नेमके काय येत नाही हे लिहिले, आणि शाळा भरण्यापूर्वी सकाळी एक तास मागितला. अकरा मुले होती. त्यांतली आठ वस्तीतली, दोन गोंड, एक सालदाराचा मुलगा. संस्थेच्या माणसाला ती यादी आवडली नाही. पुढच्या वर्षी नववीचे वर्गशिक्षकपद माझ्याकडे राहिले नाही, आणि वेळापत्रकात माझे तास दुपारच्या शेवटच्या टोकाला गेले. उन्हाळ्यात पत्र्याखाली शेवटचा तास म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. सकाळचा तास मात्र चालू राहिला, कारण तो कोणाच्या वेळापत्रकातच नव्हता. अकरांपैकी नऊ जण शाळेतूनच दहावीला बसले.

या नऊंचा निकाल काय लागला हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल. सहा पहिल्या फेरीत उत्तीर्ण झाले, दोन जुलैच्या परीक्षेत. नववा मुलगा पुणे परिसरात एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला, तो अजून फोन करतो. हे आकडे एका सकाळच्या तासाचे आहेत, त्यातून सिद्धांत काढू नये. मोठे आकडे पाहायचे तर २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, कोकण विभागाचा ९८.८२ आणि नागपूर विभागाचा ९०.७८, नऊ विभागांत शेवटचा. निकालाच्या दिवशी आमच्याकडे गावागावांत शंभर टक्केवाल्या शाळांचे फलक लागतात. शंभरातले शंभर उत्तीर्ण झाले हे फलकावर असते. नववीतून दहावीत किती आले, हे कोणत्याही फलकावर नसते. निकालाची टक्केवारी वाचणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा दुसरा आकडा शाळेत जाऊन मागावा, ही माझी विनंती आहे. हजेरीपट असतो, तो दाखवायला सांगावा.

पोटाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, पण तो सोडता येणार नाही. पोट रिकामे ठेवून भावनिक श्रम होत नाहीत. २००० नंतर आपल्याकडे शिक्षणसेवक ही पद्धत आली: तीन वर्षे ठरावीक मानधन, मग नियमित वेतन. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला अनेक वर्षे महिना ८ हजार मिळत. १ जानेवारी २०२३ पासून ते १८ हजार झाले. हे झाले अनुदानित शाळांचे. ज्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' म्हणून परवानगी दिली होती, त्यांच्या कपाळावरचा 'कायम' हा शब्द २००९ मध्ये पुसला गेला, पण अनुदान टप्प्याटप्प्याने, वीस टक्क्यांपासून. त्या शाळांतले शिक्षक दहा-पंधरा वर्षे काय खात होते? कोणी शिकवण्या घेतल्या, कोणी सासऱ्याच्या शेतीवर काढले. ज्याच्या बापाची शेती नव्हती त्याने सुट्टीत तोडीला जाऊन काढले. आपला विद्यार्थी आणि आपण एकाच बगीच्यात एकाच मुकादमाच्या हाताखाली भेटलो, असे मला एका सहकाऱ्याने सांगितले आहे. पोराने त्याच्यासाठी हलके कॅरेट बाजूला ठेवले. हे सांगताना तो रडला नाही, मीच खाली पाहिले.

अशा माणसाला कधीतरी काहीच वाटेनासे होते. मूल गैरहजर आहे, असू दे. नापास झाले, होऊ दे. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने अशा अवस्थेला इंग्रजीत जळून विझण्याचे नाव दिले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची नोंद कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून केली, स्वतंत्र आजार म्हणून नव्हे. आमच्याकडे यासाठी करपणे हा शब्द पुरेल. संत्र्याच्या झाडाला बहार यावा म्हणून शेतकरी पाणी तोडून ताण देतो, पण तो दिवस मोजून देतो. जास्त झाला तर फांद्या वाळतात आणि पुढे सल काढत बसावे लागते. शिक्षकाला ताण देणाऱ्यांकडे असे कोणतेही मोजमाप नाही. त्यामुळे एखादा शिक्षक वर्गात कोरडा वागू लागला की त्याला 'बांधिलकी नाही' असे म्हणण्यापूर्वी तो किती दिवसांपासून विनापाण्याचा आहे, हे विचारले पाहिजे. हे मी जातीचा अहंकार वर्गात मिरवणाऱ्या शिक्षकासाठी म्हणत नाही. त्याचे कोरडेपण वेगळे. त्याला पाणी कमी पडलेले नाही.

एक प्रकारचे दुःख मात्र असे आहे की त्याला कोणाला जबाबदार धरता येत नाही, आणि त्याचीही तयारी शिक्षकाला कोणी करून देत नाही. ३० जुलै १९९१ च्या पहाटे वर्धा नदीच्या पुराने आमच्या तालुक्यातल्या मोवाडमध्ये २०४ माणसे नेली. मी तेव्हा शिक्षक नव्हतो. पण दरवर्षी जुलैअखेर हजेरी घेताना माझ्या मनात येते, त्या वर्षी शाळा पुन्हा भरल्यावर हजेरीपटातले नाव वाचून थांबणारा कोणी मास्तर असेल. बी. एड्‌.ला आम्हाला पाठ टाचण शिकवतात. नाव कसे खोडायचे, हे शिकवीत नाहीत.

आणि मग वर काय चढते? लोकांना वाटते, गुणवत्ता यादी. मला विचाराल तर ती नव्हे. गुणवान मुलाला शिक्षक निमित्त असतो. मन वर चढते ते ३ जानेवारीसारख्या एखाद्या दिवशी. सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषणे होतात, मुले पाठ केलेली वाक्ये म्हणतात. मी त्या आठवड्यात नववीला मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवतो. फुल्यांच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदया'त तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला तेव्हा ती साधारण चौदा वर्षांची होती. म्हणजे नववीची. हे वय सांगितले की वर्ग एकदम गप्प होतो. इतका वेळ इतिहासात असलेली बाई अचानक शेजारच्या बाकावर येऊन बसते.

गेल्या खेपेस वाचन संपल्यावर मातंग वस्तीतल्या एका मुलीने हात वर केला. ती वर्षभरात बोलली नव्हती. तिने विचारले, "सर, हे वाचून तिच्या गुरुजींले काय वाटलं असंन?"

मी म्हणालो, तूच लिहून आण. तिने दोन पाने लिहून आणली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, त्या मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या. तिने लिहिले ते येथे देत नाही. ते तिचे आहे, आणि ती मोठी होऊन कुठे छापायचे ते ठरवील. दुसऱ्या दिवशी आणखी चार मुलांनी पाने आणली, त्यांत एक बगीचेवाल्याचा मुलगा होता. त्याने आपल्या बगीच्यात तोडीला येणाऱ्या आपल्याच वर्गमित्राविषयी लिहिले होते. तो आठवडा मला पुरला, जवळपास एप्रिलपर्यंत.

नागपूरला जाईबाई चौधरींनी १९२० च्या दशकात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा चालवली. एके काळी स्थानकावर हमाली केलेली ही बाई. त्यांच्या काळात अनुदान, टप्पा, पोर्टल काही नव्हते. त्यांचे मन कशावर तगले असेल, याचा मी पुष्कळ विचार करतो. एकट्याच्या बळावर तगले नसेल एवढे नक्की. त्यांच्या पाठीशी उभी राहू पाहणारी चळवळ होती. आजचा शिक्षक चळवळीपासून तुटला आहे. त्याला संघटना आहे, ती वेतनश्रेणीसाठी लढते आणि लढलीच पाहिजे. पण नववीच्या यादीविषयी, शिक्षकांच्या खोलीतल्या विनोदाविषयी, करपण्याविषयी बोलायला त्याला जागा नाही.

म्हणून आम्ही नरखेड, काटोल आणि वरूडकडचे आठ-दहा शिक्षक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी बसतो. नाव नाही, पावतीपुस्तक नाही. दोघी शिक्षिका आहेत. त्यांच्या वाट्याला काय येते हे त्यांनी सांगितले तेव्हा आम्हा पुरुषांची बरीच गाऱ्हाणी लहान झाली, आणि त्यावर त्यांनीच स्वतंत्रपणे लिहावे असे ठरले आहे. प्रत्येकाने महिन्यातली एक गोष्ट सांगायची, मधे उपदेश करायचा नाही, एवढाच नियम. पहिले तीन महिने सगळे पगाराबद्दल बोलले. चौथ्या महिन्यापासून मुलांबद्दल बोलू लागले. आता दिवाळीपूर्वीच्या बैठकीत आम्ही अंबियाच्या तोडीला जाऊ शकतील अशा मुलांची नावे गावनिहाय काढतो आणि कोणी कोणाच्या घरी जायचे ते वाटून घेतो. या वर्षी यादीत सत्तेचाळीस नावे आहेत.